गणूअण्णांच्या तीन दोऱ्या

"देवीनं कौल दिलाय, मग आता कसली भीती?" माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं.

देवळात गावाची बैठक होती. खालच्या गावाची देवरहाटी, म्हणजे देवीच्या नावाने राखलेली राई, ज्या ठेकेदाराने गेल्या वर्षी साफ केली, तोच आता आमची मागत होता. बदल्यात स्लॅबचं नवं देऊळ बांधून देणार होता. मी खांबाला टेकून बसले होते. पर्समध्ये गणूअण्णांची दोरी होती.

गणूअण्णा आमचे शेजारी. उमेदीची वर्षं त्यांनी लाकूड वाहणाऱ्या बोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून काढली. मोठं झाड दिसलं की ते थांबत आणि खिशातून दोरी काढत. "बाय, टोक धर गो," म्हणत बुंध्याला वळसा घालून येत. कॉन्व्हेंटमध्ये शिकत असल्यानं माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी मोठ्या माणसांशी बोलायचं टाळायचे. टोक धरायला बोलावं लागत नसे. तेवढ्यावर आमचं जमलं.

त्यांच्या पडवीत एका खुंटीला दोन दोऱ्या होत्या. पांढरी थायलंडची, निळी बर्म्याची. दर खेपेला बोटीत चढलेल्या सर्वांत जाड ओंडक्याचा घेर मोजायचा आणि तिथे गाठ मारायची. पांढरीवरच्या गाठी आधी आखडत गेल्या होत्या, म्हणजे खेपेगणिक ओंडके बारीक होत गेले होते. निळीवरच्या तेव्हा लांब, पार शेवटाला होत्या.

"मग थायलंडनं तोड बंद केली," अण्णा सांगत. "शहाणे झाले म्हणशील. पण करवती कुठं बंद पडल्या? शेजारी बर्म्यात गेल्या." त्यानंतर निळी दोरीही भराभर आखडली होती. तिची शेवटची गाठ माझ्या दोन वितींवर यायची.

"वादळाला नाय घाबरलो मी कधी. पण शेवटच्या खेपेला नदीतनं वर गेलो, तर काठाला माकड नाय, पाखरू नाय. इंजिन बंद केलं, तर कानात नुस्ती शीळ. तेव्हा अंग कापलं गो."

खालच्या गावात झाडं कापायचा कटर सुरू झाला, की ते जेवण अर्धं टाकून पडवीत येऊन बसत. एके दिवशी आवाज थांबला. मला बरं वाटलं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला. "संपली तिथली. आता हिकडं बघतील." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरी दोरी काढली, जाळ्याची, हिरवी. आमच्या राईतला सगळ्यात जुना किंजळ आम्ही मोजला. त्या दोरीवर तेवढी एकच गाठ आहे.

देवळाच्या छपराचं आढं कुजलं होतं. नव्या आढ्यासाठी झाड हवं म्हणून वैशाखात कौल लावला. गुरवकाकांनी मूर्तीला कळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे देवीपुढे मागणं मांडायचा, मान अण्णांचा होता, आणि फुलांचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं होतं. "आई, आढ्याला एक झाड दे," ते म्हणाले. मग थांबून पुन्हा म्हणाले, "एकच." उजवीकडची कळी पडली. देवीचा होकार मिळाला.

श्रावणात अण्णा गेले. झाड तोडायचं राहूनच गेलं. देवीनं एक झाड दिलं होतं; तोंडातोंडी गावभर झालं, देवीनं राई दिली.

"कौलाच्या विरुद्ध जाणारा आहे का कोणी?" देवस्थानचे अध्यक्ष सुभाषदादा विचारत होते. मी गुरवकाकांकडे पाहिलं. त्यांनीही ते गाऱ्हाणं ऐकलं होतं. ते जमिनीकडे बघत बसले. बाहेर राईत धनेश ओरडला आणि थांबला. मला अण्णांची ती पाखरू नसलेली नदी आठवली.

मी उठले.

"अरे, कॉन्व्हेंट बोलणार!" मागून कोणीतरी हसलं.

"बोल बाय," सुभाषदादा म्हणाले, "इंग्लिशमधून बोल हवं तर."

पर्समध्ये हात घालून मी हिरव्या दोरीची ती एकच गाठ मुठीत धरली.

"अण्णांनी एकच झाड मागितलं होतं," मी म्हणाले. "ताट माझ्या हातात होतं. बाकीची राई तुम्ही देवीला विचारलेलीच नाही."