साळवे मॅडमकडे मुक्कामाला

सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकताच साळवे मॅडम विचारायच्या, "आज कोण कोण आलंय?" नोकरीच्या पहिल्या दिवशी मी बाहेरच्या बाकांवर नजर टाकून आले आणि म्हणाले, "अजून कुणीच नाही, मॅडम." त्यांनी टेबलावरच्या स्टँडकडे बोट दाखवलं. त्यात जांभळ्या बुचांच्या, रक्ताने भरलेल्या नळ्या उभ्या होत्या. "ही काय बसलीत मंडळी. वाच नावं." मी वाचली. राहुरीच्या एक बाई, शेवगावचं एक तान्हं मूल, त्याचे आईवडील. प्रत्येक नावाला मॅडमची मान हलत होती, दारात आलेल्या माणसाला आपण 'या' म्हणतो तशी. 'सॅम्पल' हा शब्द त्यांच्या तोंडून मी फार क्वचित ऐकला.

डॉ. विशाखा साळवे नगरच्या एका धर्मादाय रुग्णालयात आनुवंशिक आजारांचा विभाग सांभाळत. विभाग म्हणजे दोन खोल्या, नळ्या गरगर फिरवणारं एक जुनं सेंट्रिफ्यूज, एक डीप फ्रीझर आणि आम्ही दोघी. मॅडम मूळच्या पुणतांब्याच्या. वडील साखर कारखान्यात फिटर, आई शेतमजुरीला जाणारी. पुण्यात शिकून, डॉक्टरेट मिळवून त्या परत आपल्या जिल्ह्यात आल्या होत्या. डॉक्टरांच्या बैठकीत त्यांचं मराठी आणि इंग्रजी दोन्ही इस्त्री केल्यासारखं असे. पण खूश झाल्या किंवा चिडल्या की पुणतांब्याची बोली उसळून वर यायची. "लई घाई झालीय का तुला? मंग जा घरी," असं त्या म्हणाल्या की समजावं, आपण नळी जोरात हलवली.

कारण आमचं काम सगळं सबुरीचं. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून, धुऊन टाकायच्या. तळाशी पांढऱ्या पेशींचा इवलासा गोळा उरतो. माणसाचा डीएनए त्यात असतो. साबणासारख्या द्रावणाने त्या पेशींची आवरणं विरघळवायची, प्रथिनं पचवणारं विकर घालून नळी उबेला ठेवायची, मग मिठाच्या दाट पाण्याने प्रथिनं खाली बसवायची. वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या नळीत घेऊन त्यात गार अल्कोहोल सोडायचं. नळी उबेला असताना मी सारखी उघडून बघायला लागले की मॅडम म्हणायच्या, "विरजण लावल्यावर कुणी घटकेघटकेला बोट घालून बघतं का?" आणि अल्कोहोल घातल्यावर नळी कशी हलवायची ते सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. "झोपलेलं लेकरू कुशीवर वळवतो ना, तशी वळवायची. झटका दिला की धागा तुटतो."

अक्षय आला तेव्हा मला तिथे नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. हिवरे बाजारच्या अलीकडे एका वाडीवर राहणाऱ्या रावसाहेबांचा हा मुलगा. घरी गायी, दुधाचा धंदा. अक्षय चौदा-पंधरा वर्षांचा असेल. चाकांच्या खुर्चीत बसलेला, खांदे उतरलेले, डोळे मात्र भलतेच तरतरीत. त्याला स्नायू झिजत जाणारा आजार होता. हा आजार आईकडून मुलाकडे येऊ शकतो. मुलींना सहसा त्रास होत नाही, पण त्यांच्यातून तो पुढच्या पिढीत उतरू शकतो. नेहमीची तपासणी आधी झाली होती, तिच्यात डीएनएमधला दोष कुठे आहे ते सापडलं नव्हतं. त्याहून खोल तपासणीची सोय तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती. मॅडमना अक्षयचा डीएनए काढून जपून ठेवायचा होता. त्याची धाकटी बहीण दीपाली उद्या मोठी होईल, लग्न करेल. भावातला दोष नेमका कुठे आहे हे कळलं, तरच तो बहिणीत आहे की नाही हे ठामपणे सांगता येणार होतं.

रावसाहेबांनी साफ नकार दिला. "लई रक्त काढलं आजवर डॉक्टर लोकांनी. गुन काय आला? आता बास."

"याला याचा उपयोग न्हाई व्हायचा, रावसाहेब," मॅडम म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? उपयोग झाला तर दीपालीला व्हईल."

"मंग याला कशाला टोचायचं?"

मॅडम अक्षयच्या समोर स्टूल ओढून बसल्या. "रक्त तुझं आहे. तू सांग."

अक्षयने वडिलांकडे पाहिलं. "घेऊ द्या ना, पप्पा. दीपीच्या कामाला येईल." मग तो मॅडमकडे वळला. "पण एका अटीवर. तुम्ही काय काढता ते मला बघायचंय."

बाहेरच्या माणसाला आमच्या खोलीत प्रवेश नव्हता, आणि तो नियम मॅडमनीच केला होता. तरी त्या मला म्हणाल्या, "त्याला एक ॲप्रन दे." दाराचा उंबरा आडवा आला. रावसाहेबांनी मुलाला उचलून आत आणलं, मी मागून खुर्ची आणली. आई, मंदाबाई, त्या दिवशी घरी होत्या. एक गाय व्यायला झाली होती आणि दीपालीची परीक्षा होती.

सकाळपासून दुपारपर्यंत अक्षय आमच्यासोबत होता. मधल्या वेळात बाहेर नेऊन वडिलांनी त्याला भाकरी भरवली. मॅडम प्रत्येक पायरी त्याला समजावून सांगत होत्या आणि तो प्रश्नांवर प्रश्न विचारत होता. साबण कशाला? मीठ खायचंच का? शेवटी मॅडमनी गार अल्कोहोल घातलं, नळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि हळूच आडवी-उभी केली. नितळ पाण्यात आधी धुरासारखं काहीतरी दिसलं, मग त्याचे पांढरे तंतू झाले, मग ते एकमेकांत गुंतून एक पुंजका तरंगू लागला.

"म्हातारीचे केस!" अक्षय ओरडला. जत्रेत काडीवर गुंडाळून मिळतात ते. "पप्पा, बघा, मी म्हातारीचे केस आहे!"

रावसाहेब हसले. त्या माणसाला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग अक्षयने तो पुंजका नीट निरखून पाहिला. "मॅडम, यातलं बिघडलेलं कुठंय?"

"मला न्हाई दिसत अजून," मॅडम म्हणाल्या. "मी शोधीन. तोवर तू माझ्याकडे मुक्कामाला."

तो पुंजका धुऊन, वाळवून, द्रावणात विरघळवून त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या नळीत भरला आणि वर अक्षयचं नाव स्वतः लिहिलं.

अक्षय पुढे काही वर्षांनी गेला. रावसाहेबांचा फोन आला तेव्हा मॅडम "बरं, बरं" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून वाडीवर जाऊन आल्या. तिकडचं काही सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात सकाळी नावं विचारली नाहीत.

नंतर आमचा विभाग सावेडीच्या नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. नवे व्यवस्थापक म्हणाले, "फ्रीझरमधलं जुनं सगळं काढून टाका. नव्याला जागा हवी." मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच असल्याने मला बाहेर ऐकू येत होतं. इस्त्रीचं मराठी पहिल्या दोन वाक्यांतच संपलं. "साहेब, ही मानसं इश्वासानं माझ्याकडं ऱ्हायलीत. मुक्कामाच्या पाव्हन्याला जागा न्हाई म्हनून रस्त्यावर काढीन व्हय मी?" व्यवस्थापकांनी हात टेकले. सामान टेम्पोने गेलं, पण ती नळ्यांची खोकी बर्फाच्या पेटीत घालून मॅडम रिक्षाने निघाल्या, पेटी मांडीवर घेऊन. मी शेजारी बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्या रिक्षावाल्याला म्हणत, "सावकाश रे बाबा, आत लई लोकं हायेत." रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता.

दीपाली आली ती नोकरीला लागल्यावर. लग्न ठरत होतं. होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतःच सगळं सांगितलं होतं आणि तपासणीही तिलाच हवी होती. सोबत मंदाबाई होत्या. त्या पहिल्यांदाच आमच्याकडे येत होत्या. रावसाहेब तोवर राहिले नव्हते. मंदाबाई बाकाच्या अगदी टोकाला बसल्या, कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं तशा.

एव्हाना खोल तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा निघाल्या होत्या. मॅडमनी फ्रीझरमधून अक्षयची नळी काढली. इतक्या वर्षांनी तो डीएनए धड राहिला असेल का, अशी मला शंका होती. तपासून पाहिला, तर काल काढल्यासारखा. त्यातला थोडा भाग परगावी पाठवला. दोष सापडला. डीएनएच्या एवढ्या मोठ्या मजकुरात एक अक्षर चुकलेलं होतं. मग त्याच जागी मंदाबाईंचा आणि दीपालीचा डीएनए तपासला.

अहवाल सांगायला मॅडमनी दोघींना आत बोलावलं. "दीपाली, तुझ्यात नाही."

दीपालीने तोंडावर हात घेतला. मंदाबाई मुलीकडे न बघता मॅडमकडे बघत राहिल्या. "आन् माझ्यात?"

"हाय."

"म्हंजे लोक बोलायचे ते खरं. मीच दिलं माझ्या पोराला."

मॅडम उठून टेबलाच्या या बाजूला आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. "मंदाताई, तुमच्याकडनं आलं. तुमी दिलं न्हाई. देताना मानसाला ठावं असतंय आपन काय देतोय. तुमी त्याला दिलं ते निराळं. त्याची जीभ तुमची हुती का? लई बोलायचा."

मंदाबाई कितीतरी वेळ रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या पोराचं जे तुमच्याकडं हाय म्हनता, ते बघायला मिळंल का?"

मॅडमनी नळी आणली. मंदाबाईंनी ती उजेडाकडे धरली, फिरवली. "हे तर पानी दिसतंय, बाई."

"आता विरघळलंय त्यात. म्हणून तसं दिसतंय." आणि मॅडमनी त्यांना तो दिवस पहिल्यापासून सांगितला. उंबरा, ॲप्रन, मिठाचा प्रश्न, आणि म्हातारीचे केस. रावसाहेब हसले तेही. मंदाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रावसाहेब घरी जाऊन एवढंच म्हणाले होते, 'रक्त दिलं.'

"म्हातारीचे केस?" मंदाबाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "असंच बोलायचा बघा मेला. जत्रंत मला एकबी खाऊ द्यायचा न्हाई." दीपालीही हसायला लागली. त्या खोलीत तिघी जणी डोळे पुसत हसत होत्या आणि मी दाराशी उभी होते.

"आता काय करू याचं?" मॅडमनी नळीकडे बघत विचारलं. "तुमी सांगाल तसं."

मंदाबाईंनी विचार केला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. घरी कुठं एवढं गार हाय?"

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या आणि पुणतांब्याला थोरल्या बहिणीकडे, कमलताईंकडे राहायला गेल्या. फोनवर आधी विचारायच्या, "कोण कोण आलंय?" आणि मग माझी चौकशी. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले, तेव्हा अंगणात पांढऱ्या साड्यांची, पांढऱ्या सदऱ्यांची माणसं दाटून बसली होती. बुद्धवंदना चालू होती. मागच्या रांगेत मला मंदाबाई दिसल्या, शेजारी दीपाली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. दीपालीचा मुलगा तीनेक वर्षांचा होता. तो काही बसायला तयार नव्हता. माणसांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने पळत पुढे जायचा, समोरच्या मॅडमच्या फोटोकडे बघून पळत मागे यायचा, आजीच्या पाठीला हात लावून पुन्हा पळायचा. दीपालीने दोनदा धरलं, दोनदा सुटला.

कुणी एक आजोबा मागे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "अगं बाई, बसव त्याला. कसला प्रसंग हाय."

दीपाली ओशाळून उठू लागली. फोटोजवळ बसलेल्या कमलताईंनी हात वर केला. मंदाबाई कोण, हे पोर कुणाचं, हे त्यांना मॅडमनी कधी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

"कशाला बसवता?" त्या म्हणाल्या. "पळू द्या त्याला."