नाचणीची वाटी

लेकीला वरचं खाणं सुरू करायची वेळ झाली, तशी आईने कुरवंड्याहून नाचणी पाठवली. मी ती भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले. लोणावळ्याच्या धुक्यात ऊन कुठलं मिळायला? पंख्याखाली वाळवली, भाजली, दळून वस्त्रगाळ केली. त्या सत्त्वाची पेज लेक मिटक्या मारत खात होती, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. वाटीत डोकावून म्हणाल्या, "अगं, हे काळं कशाला भरवतेस? पोरगी सावळी होईल. डब्यातली पावडर आण, पांढरीशुभ्र."

बारशालाही त्यांनी पाळण्यात वाकून म्हटलं होतं, "बापाचा रंग घेतला असता तर बरं झालं असतं." पाहुण्यांनी घर भरलेलं, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. आज घरात कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकून घेणार नव्हते.

माझा हात मी त्या वाटीशेजारी धरला.

"काकू, माझ्या आईने मला हेच भरवलं. होऊ दे की सावळी! माझी मुलगी आहे, माझ्यासारखी दिसली तर तुमचं काय बिघडलं?"

काकू चहा न घेताच गेल्या. मीही थांबवलं नाही. लेकीने वाटी चाटूनपुसून संपवली होती. तिला अजून हवी होती.