हातांची परीक्षा

कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या शिवणबाई स्वतः ठार बहिऱ्या. लहानपणी वर्गात हात हलला, की मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लावायचे. ओठ वाचा, तोंडानं बोला! 'पाणी' हा एक शब्द धड उच्चारता येईपर्यंत दोन वर्षं गेली.

आता हेडसरांनी इंग्रजी शिकवायला हातांच्या खुणा बसवल्या होत्या. एकेका शब्दाला एकेक खूण, बारक्यासारक्या शब्दांनासुद्धा. निम्म्या खुणा शिवणबाईंनीच सुचवलेल्या. तरी सरांची नक्कल केल्याशिवाय त्यांना राहवत नसे: एक खूण, चष्मा वर; एक खूण, चष्मा वर. सरांचं एक वाक्य पुरं होईतो पोरांचं आपसात भांडण होऊन मिटलेलंही असायचं.

आज मात्र नकलेला जागा नव्हती. तपासनीस आले होते. सरांच्या खुणा मुलांना कळल्या नाहीत, तर उद्यापासून वर्गात हात बंद. पुन्हा नुसते ओठ.

"मधे कुणी मदत करायची नाही," तपासनिसांच्या ओठांवर बाईंनी वाचलं.

सर ऐटीत खिडकीसमोर उभे राहिले. कपाटातली लाल पेटी आण, एवढंच खुणांनी इंग्रजीत सांगायचं होतं. समोरची नऊ वर्षांची पोरगी डोळे बारीक करून बघत राहिली. सरांनी पुन्हा केलं. पोरगी रडकुंडीला आली. तपासनिसांनी पेन उघडलं.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. अहो ऐकू येणारे शहाणे, पाठीमागून ऊन भसाभस आत येतंय! पोरीला तुमचे हात म्हणजे नुसता काळा डाग!

त्या उठल्या. तपासनिसांचे ओठ "बसा!" म्हणताहेत असं वाटताच त्यांनी मान फिरवली. बहिऱ्या माणसाला एवढी तरी सोय असतेच. त्यांनी खर्रकन पडदा ओढला.

सरांनी तिसऱ्यांदा खुणा केल्या. पोरीनं पेटी आणून टेबलावर आपटली.

"चालायचं नाही. यांनी मदत केली," तपासनीस म्हणाले.

"पडदा ओढला, बरं का साहेब. खूण एकही नाही केली," सर म्हणाले.

"बाहेर जा म्हणावं यांना. नवं वाक्य देतो."

बाई दाराच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. सरांचे हात संथ, सावकाश हलले. पोरगी हलेना. मग फळ्याकडे गेली, खडू शोधला, वाक्यात सांगितलं होतं तसं मैत्रिणीचं नाव लिहिलं.

तपासनीस उठले. बाईंनी काचेतून ओठ वाचले: "हात राहू देत. पण या बाई वर्गात नकोत."

बाईंना राग आला, अगदी कानशिलं तापली. पण आत पोरगी दोन्ही हातांनी सगळ्यांना काहीबाही सांगत सुटली होती, आणि तिला कुणीच थांबवत नव्हतं.