थोरलीची ओटी

चाकूरच्या सरजाबाईंना नटनट्यांचं वेड, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. हणमंतराव होते तोवर बायकोला मोटरसायकलवर बसवून कुठंकुठं न्यायचे. नांदेडला नाटकाच्या प्रयोगाला मालिकेतला एक खलनायक आला होता. बाईंनी त्याला पडद्यामागं गाठून विचारलं, "त्या गरीब पोरीला कशापायी छळून राहिलास रे बाबा?" तो बिचारा वाकून पाया पडला. लातूरला सिनेमाचा हिरो आला तेव्हा हणमंतरावांनी काढलेल्या फोटोत बाई अख्ख्या आहेत, हिरोचा फक्त कान आहे. तरी तो फोटो देवघराशेजारी टांगलेला आहे.

हणमंतराव गेले, तसं हिंडणं संपलं. उरली संध्याकाळी सातची मालिका. तिच्यातल्या थोरल्या सुनेवर सरजाबाईंचा भारी जीव. मागच्या वर्षी मालिकेतल्या हळदीकुंकवाला या थोरलीनं आपल्या विधवा सासूपुढं पदर पसरला होता आणि म्हणाली होती, "माझी पहिली ओटी तुम्हीच भरायची." सरजाबाई त्या दिवशी पोटभर रडल्या. स्वतःच्या घरी अशा कार्यात त्यांनी स्वयंपाकघराबाहेर येणं सोडलंच होतं. सुनेला, पुनमला, चौथा महिना होता. शुक्रवारी घरच्या घरी तिची पहिली ओटी, चोरओटी, ठरली होती आणि ती भरायला सरजाबाईंनी आपणहून धाकट्या जावेला, तुळजाबाईंना, सांगून ठेवलं होतं.

अशात थोरली लातूरला साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार असल्याचं कळलं. सरजाबाईंनी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी पिशवीत भरली.

"ओटी कोण भरणार?" पुनमनं विचारलं.

"मी."

"काय म्हणतेल लोकं, आत्या? मी भरते. तुम्ही शेजारी थांबा."

"तिला चालतंय. तीच तर म्हणली."

"ते मालिकेत."

"मालिकेत का असंना, तोंड तर तिचंच हाय."

पुनमनं पिशवी उचलली आणि ती सासूबरोबर बसमध्ये बसली. तुळजाबाईही त्याच बसमध्ये निघाल्या.

दुकानापुढं मांडव आणि मांडवात ही गर्दी. पुनम एक हात पोटावर धरून, दुसऱ्या हातानं सासूला धरून रांगेत पुढं सरकत होती. मागं तुळजाबाई होत्या आणि तुळजाबाईंच्या तोंडाला कधीच कुलूप नसायचं. आपण पुढं होऊन पटकन भरून टाकायची, एवढंच बाईंनी मनाशी घोकलं. मंचाच्या पायऱ्या त्या पुनमच्याही पुढं चढल्या.

थोरली टीव्हीत दिसते त्याहून बारकी होती. महिन्यापूर्वीच तिचं लग्न झालेलं, हातभर हिरवा चुडा. नारळ दिसताच ती गोड हसली आणि तिनं पदर पसरला. अगदी तस्साच. सरजाबाईंना भरून आलं. त्यांनी तांदळाची मूठ भरून उचलली.

"थांबा, अक्का." तुळजाबाईच. "ओ बाई, आमच्या अक्काचे मालक न्हाईत. सुनंला भरू द्या."

थोरलीनं चुड्याकडं पाहिलं आणि पसरलेला पदर हळूच आवरून घेतला.

"आजी, ताईंना भरू द्या ना," ती म्हणाली. "मला तसं काही नाही हो, पण घरचे मानतात."

आवाजही तोच होता, रोज सातला ऐकू येणारा. सरजाबाईंची मूठ तशीच राहिली. काळ्या कपड्यातला रखवालदार "चला, पुढं चला" करू लागला. अपमानानं तोंड भाजल्यासारखं झालं, तरी बाईंनी मूठ सुनेपुढं केली. "भर बाई तूच. पोरगी ताटकळून राहिली."

पुनमनं हात पुढं केला नाही. "मला न्हाई भरायची," ती थोरलीकडं बघत म्हणाली आणि सासूचा दंड धरून तिला खाली घेऊन आली.

पायऱ्यांशी चपलांचा ढीग होता. तिथंच ती थांबली आणि तिनं पदर पसरला.

"भरा."

"येडी का काय तू? शुक्रवारी तुळजा भरणार हाय की."

"आजच भरा. तुम्हीच."

"पुनम, पोटात लेकरू हाय तुझ्या." आता लोकांच्या बोलण्याचं सरजाबाईंना काही नव्हतं. भीती त्यांच्याच मनात होती. "काई झालं म्हंजी?"

"त्याला आज्जीच्या हाताची कशाची भीती?"

बायका थांबून बघायला लागल्या. पदर काही हलला नाही. शेवटी सरजाबाईंची मूठ उघडली. घामानं चिकटलेले तांदूळ निम्मे पदरात, निम्मे चपलांवर पडले. मग खण, मग नारळ. तुळजाबाई ढिगात चपला शोधत राहिल्या, आणि त्यांच्या चपला पायातच होत्या.

संध्याकाळी सात वाजून गेले तरी पुनम टीव्हीकडं फिरकली नाही.

"लाव की," सरजाबाईच म्हणाल्या.

पडद्यावर थोरली कुणा निराधार बाईचे डोळे पुसत होती. सरजाबाईंनी थोडा वेळ लक्ष देऊन पाहिलं.

"काम मातर लई चांगलं करती," असं म्हणून त्या जाहिरात लागायच्या आधीच भाकरी टाकायला उठल्या.