पाण्यातून मला काढायचं कुणी

आमच्या बोटीवर माणसं दोनच, मी आणि बायको. नागपूरच्या बाहेर एका जलाशयावर शिडाच्या बोटी चालवणाऱ्या हौशी लोकांचा लहानसा क्लब आहे. त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जड बोट आमची. मी मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करायचो. निवृत्त झाल्यावर दर रविवारी बेसातल्या घरून आम्ही डबा घेऊन निघायचो. सुकाणू माझ्याकडे, पुढच्या लहान शिडाचा दोर तिच्याकडे. तिला पाण्याची हौस कधीच नव्हती. ती माझ्यासाठी यायची, आणि वारा पडला की तिथेच बसून शेंगा सोलायची.

मग माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. मी पहिला प्रश्न विचारला तो बोटीचा. ते म्हणाले, "सध्या चालवा." त्या 'सध्या'च्या आधारावर मी बरेच महिने काढले.

एका रविवारी धक्क्यावर क्लबच्या सचिवांनी मला बाजूला घेतलं. सैन्यातून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा माणूस. म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. तुम्ही पाण्यात पडले, तर वहिनी तुम्हाले वर घेतील कशा?"

मी हसलो. इतकी वर्षं मी उलटंच गृहीत धरलं होतं. पडली तर ती पडेल, आणि काढीन मी. आमच्या बोटीचा काठ पाण्यापासून चांगला कमरेइतका उंच. माझं वजन तिच्या दीडपट. आणि ओले कपडे घातलेला माणूस कोरड्यापेक्षा किती जड होतो, हे बादलीतली चादर उचलणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

मी कामाला लागलो. आयुष्यभर सुटे भाग तपासून निवडत आलो होतो, तसं हेही निवडायचं ठरवलं. सुरुवात जुन्या नागपुरातल्या, महाल भागातल्या दोरांच्या दुकानापासून केली. पाण्यात पडलेल्या माणसाला ओढायला तरंगणारा दोर हवा, म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "विसर्जनाले पाहिजे का साहेब? मंडळवाले येतात ना गणपतीच्या आधी, तवाच मागवतो." बायको माझ्या शेजारीच उभी होती. दुकानाबाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला तो गाडीपर्यंत सोडला नाही.

मग सगळं मुंबईहून मागवलं. पाण्याला लागताच आपोआप फुगणारं जॅकेट. लांब तरंगत्या दोराला बांधलेला, घोड्याच्या नालेसारखा एक जाड पट्टा. तो पाण्यात सोडायचा, पडलेल्या माणसाभोवती बोट फिरवायची, की दोर आपोआप त्याच्यापर्यंत येतो. त्याने पट्टा डोक्यातून काखेखाली घ्यायचा. आणि डोलकाठीच्या दोराला अडकवायला कप्प्यांचा, पुलींचा एक संच, म्हणजे अशक्त माणसालाही वजन वर खेचता येतं.

कप्प्यांची परीक्षा आम्ही इमारतीच्या गच्चीवर घेतली. पाण्याच्या टाकीखालच्या तुळईला संच टांगला, मी पट्ट्यात बसलो आणि ती खेचू लागली. मी खरोखर वर गेलो. पाय जमिनीवरून सुटले. ती घामाघूम झाली होती, पण तिचा चेहरा उजळला होता. "गेले ना वर!" ती म्हणाली. "पहा, मले जमलं!" त्या संध्याकाळी तिने हौसेने पाटोडी रस्सा केला, आणि मला वाटलं, अजून दोन-चार वर्षं तरी आपली आहेत.

पाण्यातली परीक्षा सचिवांच्या देखरेखीखाली ठरली. ते मोटारबोट घेऊन जवळ थांबले. वारा बेताचा होता. मी काठावर बसलो आणि स्वतःहून पाण्यात गेलो.

जॅकेट फुगलं. मान पाण्याबाहेर राहिली. इथपर्यंत सगळं छापील सूचनांप्रमाणे झालं. बायकोने पट्टा सोडला, सुकाणू धरलं आणि मी शिकवलं होतं तशी बोट माझ्याभोवती फिरवली, माझ्यापेक्षाही सफाईने. दोर माझ्या छातीला लागला. पट्टा हाताशी आला.

"डोक्यातून घाला!" ती ओरडली.

मी हात उचलायला गेलो आणि हात उचलला गेला नाही. पाणी गार होतं, की मी घाबरलो होतो, कोण जाणे. उजवा हात लाकडासारखा ताठ झाला. डाव्या हाताने पट्टा डोक्यावर घ्यायला गेलो की फुगलेलं जॅकेट आड यायचं. आपला हात आपल्याच समोर पाण्यावर पडलेला आहे आणि आपण त्याला आज्ञा करतोय, असं ते होतं. मी तिला हे सांगायलाही तोंड उघडू शकलो नाही.

"काहून घालून नाही राहिले? अहो, घाला ना!"

मग तिला कळलं. तिने शीड सोडून दिलं, बोट माझ्या अंगावर आणली, काठावर पोटावर पडून माझ्या जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी धरली. कप्प्यांचा हूक तिच्या डोक्यावरच लोंबत होता. पण तो घ्यायचा तर एक हात सोडायला हवा होता, आणि ती हात सोडायला तयार नव्हती. शीड फडफडत होतं, बोट बांधाच्या दगडांकडे सरकत होती. मी खालून तिचं तोंड पाहत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या तोंडावर तसली भीती मी कधी पाहिली नव्हती.

मोटारबोट आली. सचिवांनी मला मागून घट्ट धरलं आणि म्हणाले, "वहिनी, सोडा आता. मी धरलं आहे."

तिने सोडलं नाही. त्यांना तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

परतताना गाडी ती चालवत होती. मी टॉवेल गुंडाळून शेजारी. मग मीच सुरू केलं. पट्टा निवडला तेच चुकलं, छातीवर तयार कडी असलेलं जॅकेट मिळतं, लांब काठीने त्या कडीत हूक अडकवता येतो, पडलेल्याला काहीच करावं लागत नाही. मी बोलत गेलो. तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"आणखी काय काय आणान तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही अजून सामानच पाहून राहिले. मले तुमचं वजन आठवून राहिलं हातात."

ती स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडली. तिला जवळ घ्यायला गेलो तर माझा हात सीटबेल्टमध्ये अडकून थरथरत राहिला. शेवटी बेल्ट तिनेच सोडवला.

ते दुसरं जॅकेट मी तिला न सांगता मागवलं. आलं तेव्हा तिने खोकं उघडून पाहिलं, कडी ओढून पाहिली, मजबूत आहे म्हणाली, आणि कपाटात ठेवलं. पुढच्या रविवारी वारा चांगला होता. ती डबा करू लागली. मी म्हटलं, "नको वं. राहू दे." ती कणीक मळतच राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी तिने डब्याचं नावही काढलं नाही.

पावसाळ्याआधी बोट एका तरुण जोडप्याला दिली. दोघंही धडधाकट, पोहण्यात पटाईत. मी त्यांना कप्प्यांचा संच लावून दाखवत होतो, तर तो मुलगा हसून म्हणाला, "काका, आम्ही एकमेकांना असंच ओढून घेऊ." त्याने तिथल्या तिथे पाण्यात उडी मारली, काठाला हात घातले आणि एका झटक्यात वर आला. त्याची बायको टाळ्या वाजवत होती. माझीही हसली, त्यांचं मन राखायला.

मी मात्र त्याच्या हातांकडे पाहत होतो. त्यांच्यावरून पाणी निथळत होतं, आणि ते अगदी स्थिर होते.

"चला," बायको म्हणाली, "ऊन वाढून राहिलं." धक्क्यावरून गाडीपर्यंत थोडा चढ आहे. ती माझ्या मागून चालत होती, दोन्ही हात थोडे पुढे करून. मला ते वळून न पाहताही समजत होतं. मी पाय जपून टाकत होतो.