न ऐकू आलेला सवाल

डाळ मिलमध्ये मी एकतीस वर्षं काढली, आणि तबला तर त्याच्याही आधीपासून वाजवत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. निवृत्त झालो आणि वर्षभरात घरातल्या तक्रारी सुरू झाल्या. बायको स्वयंपाकघरातून येऊन म्हणायची, "कुकर कवयना वाजी राहिना, तुमले ऐकू येत नही का?" इतका वेळ वाजणाऱ्या शिट्टीकडे लक्ष नव्हतं, असं सांगून मी पेपर उघडायचो.

खरी गोष्ट कळली ती तालमीत. जळगावात एक बाई कथकचा वर्ग चालवते. ती नऊ वर्षांची असताना तिच्या गुरूंकडे शिकायला आली तेव्हा साथीला मीच बसत असे. तेव्हापासून ती मला नाना म्हणते. आता तिचाच मोठा वर्ग आहे. धुळ्याला तिचा कार्यक्रम ठरला होता आणि शेवटी आम्ही सवाल-जवाब करणार होतो. ती पायांनी बोल काढणार, मी ते ऐकून तबल्यावर उत्तर देणार. बरेच कलाकार हे आधी बसवून ठेवतात. तिला ते मुळीच चालत नसे. ठरवलं तर तो सवाल कसला, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटायचं. तिच्यासोबत वाजवण्यात जी मजा होती ती त्यातच होती.

एका संध्याकाळी ती ततकार, म्हणजे नुसतं पायांचं काम, करायला उभी राहिली आणि मी सहज विचारलं, "आज घुंगरू बांधले नाहीत?" तिने हसून साडी घोट्याच्या वर उचलली. दोन्ही पायांवर घुंगरांच्या ओळी घट्ट बांधलेल्या होत्या. मी थट्टा केल्याचं दाखवलं. पण दुसऱ्याच दिवशी, घरी न सांगता, मी दवाखाना गाठला.

कानाच्या डॉक्टरांनी एक आलेख काढून दाखवला. रेघ सुरुवातीला सरळ जात होती आणि पुढे एकदम खाली कोसळत होती. ते म्हणाले, मिलच्या यंत्रांनी वरचे आवाज खाल्लेत. बोलणं, पेटी, डग्गा ऐकू येईल. घुंगरू, शिट्टी, पाखरं नाही. त्यांनी मशीन लावायला सांगितलं. मी कागदाची घडी करून कपाटात कपड्यांखाली ठेवली. तबलजीच्या कानात मशीन दिसल्यावर त्याला साथीला कोण बोलावणार? मिल सुटल्यावर माझ्याजवळ तबल्याशिवाय दुसरं होतं तरी काय?

पुढचे दोन महिने मी निभावून नेलं. तिच्या वर्गात खाली लाकडी फळ्या आहेत. टाच आपटली की ठोका माझ्या मांडीपर्यंत पोचायचा. बाकीचं काम डोळे करायचे. मी तिच्या पायांवरून नजर हलवत नसे. माझी इतकी एकाग्रता तिने आजवर पाहिली नाही, असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मला खाली बघावं लागलं.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. पेटीवर लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, धरायला धरणगावचे एक चाचा होते. त्यांचा शिलाईचा व्यवसाय; बोलतील कमी, पण लय अशी धरतील की घड्याळ लावून घ्यावं. धुळ्याला पोचल्यावर मी आधी मंचावर गेलो, चप्पल काढली आणि पाय आपटून पाहिला. मंचावर फरशी होती. खाली भरीव सिमेंट. काही म्हणजे काहीच जाणवलं नाही.

मी संयोजकांना म्हटलं, आमची बैठक जरा पुढे घ्या, मला तिचे पाय नीट दिसले पाहिजेत. त्यांनी पुढे घेतली. ती शेजारीच उभी होती. त्याच वेळी तिला सांगता आलं असतं. ती केसांत गजरा माळत होती, तोंडात पिना होत्या, आणि मी मनाशी म्हटलं, दिसतंय ना, मग झालं.

पहिला तास चांगला गेला. तिने थाट, आमद, तुकडे केले. बोल ती तोंडाने म्हणायची, तेव्हा मला अडचण नव्हती. मग सवाल-जवाब सुरू झाले. पहिले तीन-चार सवाल टाचेचे, मोठे, डोळ्यांना स्पष्ट दिसणारे होते. मी उत्तरं दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला चेव आला. तिने हात वर करून सभागृह शांत केलं आणि पायांचा आवाज कमी कमी करत नेला. शेकडो घुंगरांतून शेवटी एकच वाजवायचा, ही तिची खासियत. त्याच क्षणी प्रकाशवाल्याने हौसेने बाकीचे दिवे मालवून एकच झोत तिच्या चेहऱ्यावर सोडला.

पाय अंधारात गेले.

सभागृहात चारशे-पाचशे माणसं श्वास रोखून काहीतरी ऐकत होती. मला फक्त पेटी ऐकू येत होती. चाचांच्या लेहऱ्यावरून आवर्तन कुठे आहे ते कळत होतं, सम कळत होती; पण तिने काय विचारलं ते कळायला काही मार्ग नव्हता. ती थांबली आणि माझ्याकडे वळली. मी अंदाजाने चार मात्रांचा एक हलका तुकडा दिला. तिच्या भुवया किंचित वर गेल्या. तिने पुन्हा विचारलं, बहुधा तेच, जरा सावकाश. मी पुन्हा अंदाज केला. या वेळी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने शेजाऱ्याकडे पाहिलं. चाचांनी मान न हलवता नजर माझ्याकडे वळवली.

तिसऱ्या वेळी मी हात तबल्यावरून उचलले आणि मांडीवर ठेवले. एक आवर्तन रिकामं गेलं. मग दुसरं. चाचांची बोटं एकटीच फिरत राहिली. उठून आत जावं, असं खरंच मनात आलं.

मी तिच्याकडे बघून नुसती नाही अशी मान हलवली. ती क्षणभर उभी राहिली, मग माझ्यासमोर दोन हातांवर आली, आणि तिच्यामागोमाग झोतही. हाताने टाळी धरून तिने बोल तोंडाने म्हणायला सुरुवात केली. त्यात लय बांधलेली होती. मी तो बोल वाजवला. तिने तोच उलटा करून दिला. मी त्यावर तीनदा फिरून समेवर येणारी तिहाई लावली, ती तिने पायांत उचलली. कुठे जायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिच्या ओठांवरून नजर काढायची माझी हिंमत नव्हती. शेवटच्या समेवर आम्ही एकत्र पोचलो. लोक उभे राहिले. त्यांना वाटलं, हे असंच करायचं होतं.

मागच्या खोलीत तिने दार लावून घेतलं. चाचा पेटीचा भाता बंद करत होते.

"प्रकाशामुळे झालं ना, नाना?" तिने विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मला तेच म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला तुझे घुंगरू ऐकू येत नाहीत. दोन महिने झाले."

ती खाली बसली आणि घुंगरांच्या दोऱ्या सोडू लागली. मग वर न बघता म्हणाली, "मी पाय मोकळे सोडते ते तुमच्या भरवशावर. तुम्हाला ऐकू येत नाही, याचं काही नाही. पण मला हे माहीत असायला हवं होतं."

परतताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं. धरणगावच्या फाट्यावर चाचा उतरले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच.

पुढच्या कार्यक्रमाला तिने नाशिकचा तबलजी घेतला. तिने स्वतः फोन करून ते सांगितलं, आणि मला लागलं. पण त्याच आठवड्यात मी कपाटातला कागद काढून बायकोपुढे ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे नेलं. मशीन लावून वर्गात गेलो तेव्हा वीस मुलींचे घुंगरू एकदम कानात शिरले. पत्र्यावर खिळे ओतल्यासारखे. सवय व्हायला पावसाळा संपला. पूर्वीचा गोडवा त्यात नाही, आणि तो परत येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

दिवाळीनंतर एका रविवारी ती म्हणाली, "बसता का, नाना?" मुली गेल्या होत्या. मी तबला सुरात लावला. ती घुंगरू बांधून उभी राहिली आणि सुरू करण्याआधी तिने विचारलं, कुठला कान जास्त चालतो? डावा, मी सांगितलं. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. हल्ली कार्यक्रम असो की तालीम, ती तिथेच उभी राहते आणि संयोजकांना बैठक तशीच लावायला सांगते.