पिठावरची पावलं

कुसुमताईंना मांजरं आवडत नव्हती.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून लोक त्यांचा फोटो टाकून 'मांजरांची आई' लिहितायत, म्हणून हे आधी दुरुस्त करतो.

त्या तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या. रिटायर झाल्यावर बहादरपूर रोडला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांजरांची अनाथ पिल्लं घ्यायला लागल्या. मी एकदा विचारलं, आवडत नाहीत तर हे कशाला?

"आवडीचा काय संबंध, भाऊ? वॉर्डातल्या सगळ्या बाया मला आवडायच्या का?"

होळी झाली की पिल्लांचा सीझन सुरू होतो, तो पार पाऊस लागेपर्यंत. सकाळी गेट उघडलं की केळीचं क्रेट ठेवलेलं. आत पाच, कधी सात. डोळेही न उघडलेली.

सोडणारा गाडी बंदसुद्धा करायचा नाही. "आंटी, इनकी माँ मर गई."

"मेलेली पाहिली का तू?"

तोवर गाडी गेलेली असायची.

बहुतेकांची आई मेलेली नसते. खायला गेलेली असते. माणूस पिल्लं उचलतो आणि जीव वाचवला या खुशीत घरी जातो. मागच्या एप्रिलमध्ये शेडमध्ये लहान-मोठी एकतीस पिल्लं होती आणि पाजणारी माणसं दोन. ताई आणि मी.

माझं थोडं सांगतो. मी केळी पिकवायच्या चेंबरची मशीनं बघतो. दहावी नापास. कुठला कोर्स नाही, मशीन उघडून शिकलो. चेंबरचं टेम्परेचर अर्धा डिग्री हललं तरी मला बाहेरून आवाजावरून कळतं.

पिल्लांची पेटी मीच बनवली. जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर, रात्रीसाठी बल्ब, चेंबरमधून काढलेला कंट्रोलर. पत्र्याखाली दुपारी बेचाळीस डिग्री, पहाटे चोवीस. माझ्या पेटीत दिवसभर एकतीस.

ताईंनी पेटी चारी बाजूंनी पाहिली.

"चांगली आहे हो. पण ही चाटत नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इतक्या लहान पिल्लाला आई चाटते तेव्हाच शी-शू होते. आई नसेल तर दर वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने आपण पुसायचं. दर दोन तासांनी. एका पिल्लाला वीस मिनिटं.

म्हणून ताईंचा नियम होता. कुठूनही फोन आला की आधी पीठ.

पिल्लांना हात लावायचा नाही. हातभर लांबून ज्वारीच्या पिठाचं रिंगण घालायचं आणि निघून यायचं. सहा तासांनी बघायचं. पिठात पावलं उमटली असतील तर आई आहे.

"पातळ टाका, मुंग्या होतील. आणि तिथं उभे राहू नका. तुमचं तोंड बघून ती येणार आहे का?"

निंबोल्याच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. केळीच्या वाळक्या पानांच्या ढिगात चार पिल्लं. मी गेलो. पीठ टाकलं. पातळ, हातभर लांब.

सहा तास थांबलो नाही. चाळीस मिनिटं थांबलो, तेही तिथंच उभा राहून. मग चारही उचलून आणली.

ऊन फार होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

खरं कारण वेगळं. माझी दुसरी पेटी दोन दिवसांपूर्वी तयार झाली होती आणि ती रिकामी होती.

"पीठ टाकलं होतं ना?" ताईंनी विचारलं.

"टाकलं होतं."

"आणि?"

"काही नाही, ताई."

त्यांनी पदर खोचला आणि पहिलं पिल्लू हातात घेतलं.

दुसऱ्या सकाळी त्या शेतकऱ्याचा परत फोन. "भाऊ, मांजर फिरून राहिली ना इथं. ओरडून ओरडून घसा बसला तिचा. पिठात पायच पाय आहेत."

चारही पिल्लं तेव्हा जिवंत होती. बाइकवर अर्धा तास. परत ठेवली असती तर तिने घेतली असती.

पण न्यायची तर ताईंना सांगावं लागलं असतं.

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

पहिलं पिल्लू त्याच संध्याकाळी गेलं. दुसरं आणि तिसरं पुढच्या सकाळी. पेटी एकतीस डिग्री दाखवत होती.

"तुमच्या पेटीचा दोष नाही, भाऊ. इतकी लहान वाचत नाहीत." समजूत त्यांनी माझी काढली.

त्याच दुपारी चौथ्याला पाजताना डावा हात दुखतोय म्हणाल्या. पिल्लू माझ्याकडे दिलं. "याचं पुसायचं राहिलंय." आणि तिथंच फरशीवर आडव्या झाल्या.

हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं होतं.

मी शेडवर परत आलो तेव्हा चौथंही गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हार्टचं जुनं होतं. त्या माझ्या चार पिल्लांमुळे गेल्या असं मी म्हणत नाही. जे मला माहीत नाही ते मी लिहीत नाही. त्या शेवटच्या दोन दिवसांत त्या सलग दोन तास झोपल्या नाहीत, हे मला माहीत आहे.

शेड चालू आहे. गल्लीतल्या दोन बाया येतात, मी असतो. दोन्ही पेट्या भरलेल्या आहेत. काल तीन दगावली.

आज सकाळी निंबोल्याहून त्याच शेतकऱ्याचा फोन आला. तीच बाग, तीन पिल्लं. मी पीठ टाकलं आणि मागे न बघता निघून आलो.

सहा तासांनी गेलो. पिल्लं नव्हती. रिंगण तुडवलेलं होतं. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात. ही बिननखांची होती, आत-बाहेर, तीन खेपांची. आईने हलवली.

फोटो खाली टाकलाय.

ताई, मागच्या वर्षीही पावलं होती. तुम्ही त्या चौघांना पाजत होतात तेव्हा मला ते माहीत होतं.

मी सांगितलं नाही.

नमस्कार, कुसुमताई.